राष्ट्राध्यक्षांच्या टेबलावरचा काळा टेलिफोन

मित्रांनो, तुमच्या हातातल्या फोनपेक्षा मी दहापट जड आहे, आणि मला खिशात घालून कुणी फिरू शकले नसते. मी काळा, चकचकीत, पोटावर गोल तबकडी आणि पायाशी सहा बटणे असलेला जुना टेलिफोन आहे. माझी वायर कापून कितीतरी वर्षे झाली. मधली बरीच वर्षे मी एका तळघरात, मोडक्या पंख्यांच्या आणि रिकाम्या फायलींच्या सोबतीने काढली. तिथे मला कुणी विचारले नाही. पण आज मी रडगाणे गाणार नाही. माझ्या आयुष्यात असे काही घडून गेले आहे की ते आठवले, की माझी मुकी घंटा अजूनही आतल्या आत थरारते.

माझा जन्म शिकागोजवळच्या एका कारखान्यात झाला. तिथे स्टाशा नावाची एक पोलिश बाई आमच्या पोटात घंटा बसवत असे. प्रत्येक घंटेवर ती नखाने टिचकी मारून बघायची आणि काही न बोलता पुढे सरकवायची. माझ्यावर मात्र तिने दोनदा टिचकी मारली आणि शेजारणीला म्हणाली, "हा बघ, याचा आवाज लांब जाईल." माझ्या वाट्याला आलेली ती पहिली शाबासकी. मला वाटले होते, मी एखाद्या बेकरीत किंवा पोलीस चौकीत जाईन. पण मला खोक्यात भरून थेट वॉशिंग्टनला पाठवले, आणि व्हाइट हाऊसमध्ये राष्ट्राध्यक्षांच्या टेबलावर, त्यांच्या उजव्या हाताला ठेवले.

माझे पहिले धनी भले गृहस्थ होते, पण त्यांना फोनवर बोलायचा कंटाळा. दोन वर्षे मी मुख्यतः सूप मागवायच्या कामी आलो.

मग एका जानेवारीत ऑरिन हाल्डॉर्सन राष्ट्राध्यक्ष झाले. उंच, सावकाश बोलणारे, उत्तरेकडच्या गव्हाच्या प्रदेशातले. राजकारणात येण्याआधी ते मास्तर होते. पहिल्याच दिवशी त्यांनी खुर्चीत बसून एक कागद टेबलावर पसरला. त्यावर तेवीस कामे लिहिली होती.

त्यांचा विश्वासू सल्लागार लू कास्पारियन समोर उभा होता. नाटा, जाड भुवयांचा, फ्रेस्नोच्या द्राक्षबागांत वाढलेला माणूस. त्याने कागद आपल्याकडे फिरवून वाचला.

"साहेब, ही यादी कुणाची?"

"माझीच. प्रचारात जे जे बोललो ते सगळं आहे यात."

"तेवीस कामं घेऊन काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांपुढे गेलात, तर ते लोक एकेक उचलून वजन बघतील आणि सगळी जागच्या जागी ठेवतील. एक सांगा. हे झालं नाही तर मला चैन पडणार नाही, असं एकच."

हाल्डॉर्सननी कागद बाजूला सारला.

"लू, मी चार वर्षं एकशिक्षकी शाळेत शिकवलं," ते म्हणाले. "टिल्डा नावाची एक मुलगी होती. मी फळ्यावर लिहायचो आणि ती नुसती बघत बसायची. मी तिला ढ ठरवलं. शेवटच्या बाकावर बसवलं. दोनदा वर्गाबाहेर उभं केलं. पोरगी शाळा सोडून गेली. गेल्या वर्षी प्रचारसभेत भेटली, जाड भिंगांचा चष्मा लावलेली. म्हणाली, 'सर, फळ्यावर अक्षरं असतात हे मला सव्विसाव्या वर्षी कळलं.' रागानं नाही म्हणाली. हसून म्हणाली. रागावली असती तर बरं वाटलं असतं मला."

कास्पारियनने तो कागद घडी करून खिशात टाकला. "मग हेच," तो म्हणाला. "देशातल्या प्रत्येक शाळेत दर वर्षी डोळ्यांची तपासणी, आणि ज्याला लागेल त्याला चष्मा. बाकीची बावीस नंतर."

मित्रांनो, एक काम निवडणे म्हणजे बावीस जणांना नाराज करणे, हे मला त्या आठवड्यात समजले. राष्ट्राध्यक्षांचे वर्षाचे मोठे भाषण जवळ आले होते. त्यात आपल्या खात्याबद्दल दोन वाक्ये यावीत म्हणून मंत्र्यांचे फोन सुरू झाले. कृषिमंत्री तर तीनदा बोलले.

"धान्याच्या कोठारांवर दोन ओळी तरी टाका, मिस्टर प्रेसिडेंट."

"एकही नाही. तुम्हांला दोन दिल्या की बाकीचे नऊ जण रांगेत उभे राहतील."

"मग मी शेतकऱ्यांना सांगू काय?"

"सांगा, की त्यांच्या पोरांचे डोळे तपासणार आहोत."

कृषिमंत्र्यांनी चार दिवस अबोला धरला. पण भाषण झाले, आणि दुसऱ्या दिवशी देशभरच्या वर्तमानपत्रांत एकच विषय होता. मग गंमत बघा. रुसलेली खाती आपण होऊन येऊ लागली. सैन्यातल्या एका जनरलने कळवले, की भरतीला आलेली कितीतरी मुले नजरेपायी परत पाठवावी लागतात. कृषिमंत्री म्हणाले, "आमची माणसं गावोगाव फिरतातच, तपासणीचे तक्ते तीच पोचवतील." महिनाभरात सगळे सरकार चष्म्याविषयी बोलू लागले. राष्ट्राध्यक्षांनी कुणाला हुकूम केला नव्हता. ते एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बोलत राहिले, एवढेच.

वसंतात कनिष्ठ सभागृहाने विधेयक मंजूर केले. आता ते वरच्या सभागृहाच्या, म्हणजे सिनेटच्या, समितीकडे गेले, आणि तिथे रुतून बसले.

त्या समितीचे अध्यक्ष सिनेटर क्लेबोर्न रफिन होते. दक्षिणेतले, एकाहत्तर वर्षांचे, एकोणीस वर्षे त्याच खुर्चीत बसलेले. समिती अकरा जणांची होती, पण रफिन सुनावणीची तारीख देत नाहीत तोवर विधेयकाचे पानही हलत नसे. आणि रफिन तारीख देत नव्हते.

हाल्डॉर्सननी मला उचलले आणि मास्तरकीच्या सवयीने सुनावले, "सिनेटर, महिन्याभरात ही सुनावणी झाली पाहिजे."

"मिस्टर प्रेसिडेंट," रफिन मधाळ आवाजात म्हणाले, "तुम्ही निवडून यायच्या आधी मी इथं होतो, आणि तुम्ही घरी गेल्यावरही असेन. आमच्या पोरांच्या डोळ्यांत वॉशिंग्टननं बोट घालायची गरज नाही."

आणि फोन ठेवला. राष्ट्राध्यक्षांचा फोन. माझ्या कानात नुसता घूं असा आवाज राहिला. इतका अपमान मी सूप मागवतानाही सोसला नव्हता.

हाल्डॉर्सन चिडले. त्यांनी दूरचित्रवाणीवरून सगळ्या देशाला आवाहन केले, की तुमच्या सिनेटरना पत्रे लिहा. पत्रांच्या गोण्या आल्या. राष्ट्राध्यक्षांची चिटणीस इमोजीन प्रूइट ती पत्रे मोजता मोजता दमून गेली. पण रफिन आणखीच ताठर झाले. त्यांनी एका वार्ताहराला सांगितले, "माझ्या घराबाहेर गर्दी जमवून मला दार उघडायला लावता येईल असं कुणाला वाटत असेल, तर मी आतून खुर्ची लावून बसेन."

आता मे महिना संपत आला होता. उन्हाळ्यात सिनेट सुटीवर गेली, की विधेयक त्या वर्षापुरते मेलेच. कास्पारियन खोलीत येरझाऱ्या घालत होता. तेव्हा इमोजीनबाई कॉफीचे कप उचलता उचलता म्हणाल्या, "मी बोलू का थोडं?"

"बोल ना," हाल्डॉर्सन म्हणाले.

"रफिनसाहेबांच्या कचेरीत माझी मैत्रीण आहे. ती म्हणते, एकोणीस वर्षांत इथून त्यांना शेकडो फोन गेले. प्रत्येक फोनमध्ये त्यांच्याकडे काहीतरी मागितलं. त्यांना काय वाटतं, हे एकानंही विचारलं नाही."

हाल्डॉर्सननी मला पुन्हा उचलले. या वेळी त्यांची पकड सैल होती.

"सिनेटर, मी आज काही मागायला फोन केलेला नाही. या विधेयकात तुम्हांला काय खुपतं, तेवढं सांगा."

पलीकडे रफिन घसा खाकरून बोलू लागले, ते चाळीस मिनिटे थांबले नाहीत. मित्रांनो, मी तुम्हांला खरे सांगतो, माझ्या एवढ्या आयुष्यात कुठल्याही राष्ट्राध्यक्षाला मी चाळीस मिनिटे गप्प बसलेले ऐकले नव्हते.

"तुमचा तपासनीस येणार, आणि आमच्या मास्तरणींना अक्कल शिकवणार," रफिन म्हणाले. "गेल्या खेपेला शेंगदाण्याचं पीक बघायला एक आला होता. झाडावर शेंगा शोधत होता. शेंग जमिनीत लागते, हे त्याला माहीतच नाही."

हाल्डॉर्सन मोठ्याने हसले. "सिनेटर, तो माझ्याकडे आला असता तर मीच त्याला वर्गाबाहेर उभा केला असता. बरं, तपासनीस काढून टाकतो. तुमचे गावचे डॉक्टर, तुमच्या शाळेच्या नर्स, तेच तपासतील. चालेल?"

"चालेल. चांगलं चालेल." रफिनचा आवाज पहिल्यांदाच मवाळ झाला. "आता एकच शब्द राहिला. 'प्रत्येक शाळेत' असं लिहिलंय तुम्ही. तिथं 'राज्य ठरवील त्या शाळांत' असं करा. आठवड्यात विधेयक बाहेर काढतो."

राष्ट्राध्यक्षांना कळले. मलाही कळले. त्या राज्यात गोऱ्या मुलांच्या शाळा वेगळ्या होत्या आणि काळ्या मुलांच्या वेगळ्या. राज्य कोणत्या शाळा ठरवील आणि कोणत्या विसरेल, हे सांगायला ज्योतिषी नको होता. एका शब्दात सगळे मिळत होते. कास्पारियन जोडफोनवर ऐकत होता. त्याने डोळे मिटून घेतले.

"नाही, सिनेटर," हाल्डॉर्सन म्हणाले. "बाकी हवं ते बदला. प्रत्येक म्हणजे प्रत्येक."

"मग मी दिलगीर आहे, मिस्टर प्रेसिडेंट." पण या वेळी रफिननी फोन आपटला नाही. हळूच ठेवला.

त्या दुपारी कास्पारियनने अकरा नावे लिहिली. पाच जण राष्ट्राध्यक्षांच्या बाजूचे. रफिन धरून पाच विरोधात. उरल्या एक. सिनेटर कॉर्डेलिया योस्ट. पश्चिमेकडच्या मेंढपाळांच्या मुलखातल्या, विरोधी पक्षाच्या, आणि कुणाच्याच कळपात न जाणाऱ्या. समितीतल्या सहा जणांनी मागणी केली, तर अध्यक्षांच्या मनात नसतानाही विधेयक बाहेर काढता येत असे, पण रफिनसमोर तसे धाडस आजवर कुणी केले नव्हते. सहावे मत त्यांचे होते.

"मोठ्यानं बोला," फोन घेताच बाई ओरडल्या. "मला डाव्या कानानं ऐकू येत नाही, आणि उजव्या हातात चहा आहे."

राष्ट्राध्यक्षांना अक्षरशः ओरडावे लागले. बाहेरचा पहारेकरी दार उघडून बघून गेला.

"सिनेटर योस्ट, चष्म्याच्या विधेयकाबद्दल तुमचं मत काय आहे?"

"वा. पाच महिन्यांत या बाईला तुमच्याकडून फोन आला नाही, आणि आज एकदम मत विचारताय. सहावी आहे वाटतं मी?"

हाल्डॉर्सनना खोटे बोलणे सोपे होते. "हो," ते म्हणाले. "सहाव्या आहात. आणि आधी फोन करायला हवा होता, ही माझी चूक."

पलीकडे चहाचा कप बशीत ठेवल्याचा आवाज आला.

"मग ऐका. मीही शाळेत ढ होते. मास्तर काय बोलतो, ते ऐकूच यायचं नाही. सगळ्यांना वाटायचं पोरगी लक्ष देत नाही. डोळे तपासताच आहात, तर कानही तपासा. ते घाला, माझं मत घ्या."

हाल्डॉर्सन ताडकन खुर्चीतून उठले. "सिनेटर, हे आम्हांला कसं सुचलं नाही?"

"कारण तुम्हांला नीट ऐकू येतं," बाई म्हणाल्या.

मित्रांनो, मी टेलिफोन. कान हाच माझा धर्म. त्या क्षणी माझी घंटा वाजवायची सोय माझ्याच हाती असती, तर मी सगळे व्हाइट हाऊस जागे केले असते. एका विरोधी पक्षाच्या बाईने राष्ट्राध्यक्षांचे विधेयक त्यांच्यापेक्षा चांगले करून दिले होते, आणि आता ते तिचेही झाले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजून वीस मिनिटांनी मी वाजलो. रफिन स्वतः होते.

"कॉर्डेलिया तुमच्याकडे गेली."

"हो."

"म्हणजे सहा."

"सहा."

"या समितीत मी एकोणीस वर्षांत एकदाही हरलो नाही."

कास्पारियन हाताच्या मुठी वळून नाचायच्या बेतात होता. हाल्डॉर्सननी त्याला बसायची खूण केली.

"हरायचं कशाला, सिनेटर? तपासनीस काढायची सूचना तुमची. ती नसती, तर गावोगावचे डॉक्टर आमच्या अंगावर आले असते. विधेयक सभागृहात तुम्हीच मांडा. कायद्याला नाव तुमचं लावा. मी कुठंही मधे येणार नाही."

"आणि तो शब्द?"

"तो राहणार."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला.

"माझ्या राज्यात मला शिव्या बसतील," रफिन म्हणाले.

"बसतील. मी येऊन तुमच्या शेजारी उभा राहीन."

"तुम्ही आलात तर दुप्पट बसतील. येऊ नका." आणि मग, जणू हवापाण्याबद्दल बोलावे तसे ते म्हणाले, "गुरुवारी सुनावणी ठेवतो."

पुढचे तीन आठवडे माझ्या आयुष्यातले सगळ्यात धावपळीचे. सकाळी सातपासून मी हातातून खाली उतरत नव्हतो. एका सिनेटरला आपल्या राज्याच्या जत्रेला राष्ट्राध्यक्ष यायला हवे होते. ते कबूल झाले. एकाला मेजवानीच्या यादीतून आपले नाव गळल्याचा सल होता. हाल्डॉर्सननी त्याची क्षमा मागितली. काही जण नाहीच म्हणाले, आणि त्यांनाही ते "आभारी आहे, पुन्हा बोलू" म्हणाले. सगळ्यांशी एकाच सुरात बोलता येत नाही, हे त्यांनी आता शिकून घेतले होते. ज्याला आकडे हवेत त्याला आकडे, ज्याला टिल्डाची गोष्ट हवी त्याला टिल्डाची गोष्ट. आणि सभागृहात रफिन किल्ला लढवत होते. ज्या माणसाने दोन महिने दार अडवले होते, त्याला सिनेटमधले प्रत्येक दार कसे उघडते हेही ठाऊक होते.

मतदानाच्या दिवशी कास्पारियन सभागृहाबाहेरच्या फोनवरून एकेक नाव सांगत होता. इमोजीनबाई पेन्सिलीने खुणा करत होत्या. राष्ट्राध्यक्ष खिडकीपाशी पाठमोरे उभे होते. पन्नासावे नाव झाले. पंचावन्न झाले. साठ झाले, तेव्हा इमोजीनबाईंच्या पेन्सिलीचे टोक मोडले, आणि त्या नखाने खुणा करू लागल्या. सदुसष्ट विरुद्ध एकोणतीस. बाईंनी माझा रिसीव्हर दोन्ही हातांनी धरून छातीशी लावला, आणि पलीकडून कास्पारियन आपल्या पूर्वजांच्या आर्मेनियन भाषेत काहीतरी गाऊ लागला. काय गात होता ते मला कळले नाही, पण सूर साफ चुकला होता.

सहीच्या दिवशी रफिन आणि योस्टबाई पुढच्या रांगेत उभे राहिले. छायाचित्रात मधोमध रफिन आले. सगळे गेल्यावर कास्पारियन कुरकुरला, "राबलो आपण, आणि मधे तो."

"फोटो त्याचा असू दे," हाल्डॉर्सन म्हणाले. "चष्मे पोरांचे आहेत."

सप्टेंबरात शाळा उघडल्या. तिसऱ्या आठवड्यात रफिनच्याच राज्यातल्या आरोग्य अधिकाऱ्याचा फोन आला. त्याचा आवाज घाबरलेला होता.

"मिस्टर प्रेसिडेंट, चष्मे संपले. दहा मुलांमागे एक लागेल असं धरलं होतं, चारांमागे एक लागतोय. नदीपलीकडे काळ्या मुलांची शाळा आहे, तिथं आजवर डोळ्यांचा डॉक्टर गेलाच नव्हता. सकाळपासून रांग रस्त्यापर्यंत आहे, आणि एकही मूल घरी जायला तयार नाही."

हाल्डॉर्सननी लगेच रफिनना फोन लावायला सांगितले. आता पुन्हा विनवण्या कराव्या लागणार, म्हणून त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि चाळीस मिनिटांची तयारी करून बसले.

"सिनेटर, तुमच्या राज्यात..."

"मला कळलंय," रफिन गरजले. "माझ्या कायद्याला चष्मे कमी पडतात म्हणजे काय? तुमची माणसं तिथं झोपा काढतात काय? मी सगळ्या समितीला उद्या सकाळी बोलावलंय. आणि तोवर जे असतील नसतील ते आधी नदीपलीकडे पाठवा. पोरं तिथं उन्हात उभी आहेत."

हाल्डॉर्सननी माझ्या तोंडावर हात ठेवला आणि कास्पारियनकडे वळले. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि चेहऱ्यावर हसू मावत नव्हते.

"लू," ते हळूच म्हणाले, "अरे, तो माझ्यावर ओरडतोय."

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणीतरी उद्या मोठ्या खुर्चीत बसेल. तिथे माझ्यासारखा जड फोन नसेल, काहीतरी हलके, चपटे असेल. त्याला आपटू नका, त्याच्यावर खेकसू नका. त्यातून आपला आवाज लांब जातो, हे खरेच. पण लांबचा आवाज आपल्यापर्यंत येतो तोही त्यातूनच. तो येऊ द्या. जरा जास्त वेळ कानाशी धरा.